मदत हवी आहे: विहिरीत टीसीएल टाकूनही शेवटच्या वस्तीला ओटी येत नाही

भाताचं_खाचर

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातलं गाव, साधारण २५० घरं. ओढ्याकाठी सार्वजनिक विहीर, तिथून मोटरीने ५०,००० लिटरच्या उंच टाकीत पाणी चढतं आणि सकाळी तासभर सुटतं. जूनअखेरपासून पाणी तांबूस येतंय. पाणीपुरवठा कर्मचारी रोज संध्याकाळी एक डबा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) विहिरीत टाकतो. डबा वजन केला, ३५० ग्रॅम भरला. तरी टाकीजवळच्या नळाला ओटी (पाण्यात क्लोरिन उरला की पिवळा रंग देणारी तपासणी) जेमतेम फिकी पिवळी, आणि खालच्या वस्तीत रंगच नाही. पंचायतीला पाण्याच्या जोखमीचं पिवळं कार्ड आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यायचाय, पण "टाकतोय की रोज" यावर काय बोलायचं ते कळत नाही. कुठे चुकतंय?

पंपहाऊस

विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली आधी मोजा. दोरीला दगड बांधून सोडला तरी चालतं. फुटात मोजलंत तर व्यास × व्यास × पाण्याची खोली × २२, आलेला आकडा लिटर. मग दर १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल.

मोजमाप टाका, पुढचं सांगतो. अंदाज आहे की डबा उन्हाळ्यातला आणि पाणी पावसाळ्यातलं.

भाताचं_खाचर

व्यास २० फूट. आज पाणी २१ फूट. मे महिन्यात ८ फूट होतं असं कर्मचारी सांगतो.

पंपहाऊस

मग तेच. मे महिन्यात २० × २० × ८ × २२ म्हणजे ७०,४०० लिटर, त्याला ३५२ ग्रॅम. डबा तेव्हा अगदी बरोबर होता. आज १,८४,८०० लिटर आहे, त्याला ९२४ ग्रॅम लागतं. डबा तोच राहिला, विहीर अडीचपट भरली.

पण डबे वाढवा असं मी सांगणार नाही. तुमच्याकडे टाकी आहे, तर रोजचा डोस टाकीत द्या. विहिरीला चारी बाजूंनी झरे चालू असतात, टाकलेलं औषध तासागणिक पातळ होत जातं. टाकीचं माप मात्र पक्कं: ५०,००० लिटर, २५० ग्रॅम. विहिरीत पूर्ण डोस फक्त ओढ्याचं पाणी आत शिरलं किंवा गाळ उपसला तर, आणि त्यानंतर १ तास मोटर बंद.

द्रावण करायची रीत नीट पाळा, निम्मी चूक इथेच होते:

प्लॅस्टिकची बादली घ्या. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको, म्हणजे २५० ग्रॅमला तीन बादल्या. आधी थोड्याशा पाण्यात लगदा करून गुठळ्या मोडा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. १० मिनिटं थांबा. खाली पांढरा चुना बसतो, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्या. क्लोरिन त्या निवळीत असतो. चुन्याचा साका टाकून द्या, पण नाल्यात किंवा विहिरीच्या काठावर नको.

टाकी पाव भरली की निवळी ओता, वरून पडणाऱ्या धारेने आपोआप मिसळते. टाकी भरल्यावर किमान १ तास व्हॉल्व्ह उघडायचा नाही. रात्री भरून पहाटे सोडत असाल तर हा तास फुकटात मिळतो.

सरळ_सोपं

एवढा खटाटोप कशाला? मडक्यात टीसीएल आणि वाळू भरून विहिरीत लटकवा, दोन-तीन आठवडे बघायला नको.

पंपहाऊस

ती दुहेरी मडक्याची पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेची आहे आणि चांगली आहे, पण घरगुती आडासाठी. साधारण ४,५०० लिटर पाणी आणि दिवसाला ४०० लिटरच्या आत उपसा, असा तिचा हिशोब. इथे रोज ५०,००० लिटर उपसतात. मडकं लटकत राहील आणि पाणी तसंच जाईल.

कोरडी पावडर वरून भिरकावणं किंवा फडक्यात पुरचुंडी बांधून सोडणं, हेही नको. वजनाने खाली बसते आणि मोटरीच्या पाइपच्या खालच्या टोकाला असलेल्या फुटव्हॉल्व्हभोवती चुना साचतो.

ओटी_ट्यूब

दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, पावडरचा जोर. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरिन असतो. पोतं उघडं, दमट खोलीत राहिलं की तो उडत जातो, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते. समजा तुमची २२ टक्क्यांवर आलीय, तर २५० ग्रॅमचं काम करायला ३७५ ग्रॅम लागेल. नमुना जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत जातो, उपकेंद्राच्या आरोग्य सेवकाकडे द्या. पोत्याच्या तोंडाशी वरवरची नको, मधली पावडर काढा, हवाबंद गडद बाटलीत भरा. उरलेला साठा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात, अंधाऱ्या कोरड्या जागी. पंचायतीच्या कपाटाशेजारी पोतं ठेवलेलं खूप ठिकाणी दिसतं. कपाट गंजतं, बिजागऱ्या खातं, आणि पावडर बाद होते ती वेगळीच.

दुसरी, गढूळपणा. क्लोरिन आधी गाळावर खर्च होतो, जंतूंना उरला तर उरला. म्हणून ५ ग्रॅम ही सुरुवात समजा. पाणी तांबूस असताना डोस थोडा थोडा वाढवत शेवटच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर तरी उरेल इथपर्यंत न्या. तुरटी थेट टाकीत टाकू नका, गाळ तळाशी साचून नळाला येतो. घरोघरी मात्र तुरटी फिरवून, निवळलेलं पाणी गाळून, उकळून घ्यायला सांगा.

ओटी बघताना रंग लगेच, १० सेकंदांच्या आत वाचा. नंतर गडद होत जातो, तो धरायचा नाही. पाण्यात लोह असेल तरीही पिवळं दिसतं, तेव्हा टीसीएल न टाकलेल्या विहिरीच्या पाण्याची ओटी एकदा करून ठेवा. तिथेही पिवळं आलं तर तुमचा टाकीजवळचा फिका पिवळा खोटा आहे. तपासलेलं पाणी फेकून द्या, ओटी विषारी असते.

भाताचं_खाचर

टाकीजवळ येते आणि खालच्या वस्तीला नाही, हे डोसमुळेच का?

ओटी_ट्यूब

डोस कमी असेल तर शेवटाला आधी संपतो, पण एवढ्यावर थांबू नका. पाणी दिवसातून तासभरच सुटतं. बाकी तेवीस तास पाइप रिकामा, आणि रिकामा होताना तो आत ओढतो. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचलेलं असेल, पाइप गटारातून गेला असेल किंवा दाब मिळावा म्हणून लोकांनी खड्डा खणून नळ खाली घेतला असेल, तर ते सगळं घाण पाणी लाइनमध्ये जातं. तोट्या नसलेले नळ, नळाला थेट लावलेल्या मोटरी, तीच गत. खालची वस्ती म्हणजे उतार, म्हणजे खड्ड्यातले नळ जास्त असणार.

टाकीपासून वस्तीपर्यंत चार ठिकाणी, पाणी सुटल्यावर १५ मिनिटांनी ओटी करा. हळूहळू फिकट होत गेली तर डोस कमी. एका व्हॉल्व्हनंतर एकदम गायब झाली तर गळती तिथेच.

आवक_जावक

ग्रामसभेचं मी सांगतो. "पाणी घाण येतं" असा विषय दिलात की "काळजी घेऊ" एवढंच इतिवृत्तात येतं. लेखी अर्ज आठवडाभर आधी द्या, आवक नंबर घालून पोच घ्या. त्यात मोजके ठराव मागा: टीसीएल टाकीत, वजन करून, ओटी रोज टाकीजवळ आणि शेवटच्या नळाला, नोंदवहीत तारीख-वेळेसह, खड्ड्यातले नळ वर घेणं आणि तोट्या बसवणं, मुदत घालून. पिवळं कार्ड म्हणजे मध्यम जोखीम. कार्ड ज्या स्वच्छता सर्वेक्षणावरून मिळतं त्याची प्रत मागा, पंचायतीचे गुण कुठे गेले ते त्यातच लिहिलेलं असतं. बहुतेकदा गळती आणि साठा.

पैसे नाहीत हे उत्तर येईल. वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच्या) निधीत पिण्याच्या पाण्याचा वाटा असतो, व्हॉल्व्ह दुरुस्ती त्यात बसते. आराखड्यात घेतलंय का ते विचारा.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. विषय तिथून आला तर जास्त वजन पडतं, कारण हंडा कोण भरतं ते सगळ्यांना माहीत आहे. जलजीवन मिशनमध्ये तपासणी संच वापरायला गावातल्या पाच महिलांना शिकवलेलं असतं, त्या कोण ते आशाताईंना विचारा. जंतू तपासणीची बाटली त्या संचात असते, पाणी दूषित असेल तर ती काळी पडते. खुणेपर्यंत पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायची. काळी पडली तर सभेत टेबलावर ठेवा.

गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी संख्या. तहकूब झाली तर पुढच्या सभेला ती लागत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी परत जाऊन विषय सोडू नका.

भाताचं_खाचर

काल टाकीत २५० ग्रॅमची निवळी टाकली, पहाटे सोडलं. टाकीजवळ स्पष्ट पिवळं. शाळेपुढच्या व्हॉल्व्हपर्यंत तसंच, त्यापुढे काहीच नाही. व्हॉल्व्हचा खड्डा काठोकाठ भरलेला आहे. विहिरीच्या साध्या पाण्याला रंग नाही, म्हणजे लोह नाही.

लोक वासाची तक्रार करतायत.

ओटी_ट्यूब

मग डोसला हात लावू नका. खड्डा उपसा, ग्लँडमधली (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची, गळती अडवणारी) दोरी बदला, खड्ड्याला बाजूने निचरा काढा. दुरुस्तीनंतर त्या लाइनचं पहिल्या १० मिनिटांचं पाणी वाहू द्या, पिण्याला नको. वासाचं म्हणाल तर हंडा भरून तासभर उघडा ठेवला, वर पातळ फडकं, की बराच जातो.