विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि मशीन हँग व्हायला लागलं: तुमचे अनुभव सांगा

सांजवारा
काल भाचीचा फोन आला. तिचा लॅपटॉप 2016 चा. विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि तिचा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाही. म्हणून तिने विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. दिसतंय छान, पण मध्येच सगळं थिजतं, माउससुद्धा हलत नाही. "मावशी, परत जुनंच टाकू का गं?" तिचा तो रडवेला आवाज ऐकला आणि मला 2014 चा एप्रिल आठवला.

विंडोज एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिलला संपला होता. बाबा निवृत्त शिक्षक, आणि त्यांच्या डेस्कटॉपवर गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा सगळा हिशेब. नवीन मशीन त्यांना नको होतं, म्हणून उबंटू टाकलं, तेही लिनक्सच. रॅम 1 जीबी. ब्राउझर उघडला की डिस्कचा दिवा लागायचा तो विझायचाच नाही, आणि पडदा तसाच. रॅम भरली की सिस्टीम डिस्कवरच्या स्वॅपमध्ये (रॅमच्या जोडीला राखलेली जागा) माल टाकत-काढत बसते, आणि जुनी फिरती डिस्क त्या कामाला फार संथ. मग उबंटू काढून त्याचंच हलकं रूप लुबंटू टाकलं. तेवढ्याने मशीन चालायला लागलं.

तरी मे महिन्यात दुपारी बंद पडायचंच. शेवटी बाजूचं पॅनेल उघडलं तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले. म्हणजे कारणं दोन, अगदी वेगळी, आणि घरात सगळे खापर लिनक्सवर फोडत होते. कपॅसिटर बदलून घेतले आणि बाबांनी त्यावर पुढे बरीच वर्षं हिशेब लिहिला.

चालतं मशीन कारण न शोधता भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे असं झालं असेल तर काय निघालं ते लिहा. भाचीलाही वाचायला देणार आहे.

खटपट्या
भाचीला आधी हे विचारा: हँग होतं तेव्हा डिस्कचा दिवा लागलेला असतो का? गाणं चालू असेल तर वाजत राहतं का? दिवा सतत लागलेला आणि माउस अडखळत का होईना हलतोय, तर रॅम कमी पडतेय. गाणं वाजतंय पण चित्र थिजलंय, तर ग्राफिक्स. सगळंच मेलं, कॅप्सलॉकचा दिवापण लागत नाही, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) किंवा हार्डवेअर.

कंट्रोल-आल्ट-एफ3 दाबून काळा पडदा येतो का तेही बघायला सांगा. आला तर सिस्टीम जिवंत आहे.

माजघर
+1 कपॅसिटर. आमच्याकडे टीव्हीचेपण फुगले होते.

अंजनवेल
लोकलमध्ये आहे, थोडक्यात लिहिते. छोटा स्वस्त लॅपटॉप, 2014 चा, सेलेरॉन एन2840. लिनक्स टाकल्यावर कधीही थिजायचा, कामाचा ताण असो नसो. रॅम बदलली, डिस्क बदलली, काही नाही. हा बे ट्रेल पिढीचा प्रोसेसर, आणि त्या पिढीवर लिनक्स कर्नलचा हा त्रास जगभर नोंदलेला आहे. प्रोसेसर खोल झोपेत जातो आणि उठत नाही. ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) सी-स्टेटची, म्हणजे त्या झोपेच्या पायरीची, मर्यादा 1 वर आणली, त्या दिवसापासून एकदाही नाही. बॅटरी थोडी लवकर उतरते. दादर आलं.

दूरदेशी
अंजनवेल, अगदी असंच माझं! फक्त माझा डेस्कटॉप, 2017 चा. मी इकडे जर्मनीत. व्हिडिओ एडिट करताना तासन्‌तास मस्त चालायचा आणि मी चहा करायला उठले की हँग. रिकामा असला की थिजणार. नवऱ्याला पटेना, म्हणून त्याला समोर बसवून दाखवलं. काही मशीनच्या बायोसमध्ये (मदरबोर्डची स्वतःची सेटिंग) पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाची ओळ असते, ती ऑटोवरून टिपिकल करंट आयडलवर केली. बस, मिटलं. ताण असताना हँग झालं तर लोक रॅम, उष्णता सगळं बघतात. रिकामं असताना हँग होणं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

बुजुर्ग
मला यातलं निम्मं समजलं नाही पण वाचायला आवडतंय. माझा प्रश्न वेगळा आहे. लिनक्सवर मराठी टाइप होतं का? मी टायपरायटरवर शिकलेला माणूस आहे.

खटपट्या
काका, होतं. इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण मांडणी) तर आधीपासून असतंच, फक्त कीबोर्डच्या यादीत मराठी निवडायचं. टायपरायटरच्या पद्धतीची मांडणी हवी असेल तर आयबस या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये एम17एन नावाचा मांडण्यांचा संच जोडावा लागतो, त्यात रेमिंग्टन मिळते. घरचं कुणी जोडून देईल.

शाईपुडी
मराठी टायपिंगचा विषय निघालाच आहे तर. आमचा छोटा छापखाना, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकाची पानं. सगळं जुनं काम पेजमेकर आणि श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये, ते युनिकोड (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नाही, त्यामुळे विंडोज सुटणं शक्य नाही. मुलाने लिनक्स टाकलं आणि आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) जुनं विंडोज बसवून घेतलं. ऐन सीझनमध्ये पान उघडलं की आख्खं मशीन हँग. बसवणाऱ्याने 8 जीबीतले जवळजवळ सगळे आतल्या विंडोजला देऊन टाकले होते, बाहेरच्याला श्वास घ्यायला जागा नाही. 3 जीबी केले. पेजमेकरला तेवढे पुष्कळ. अंक वेळेवर गेला.

माजघर
शाईपुडी, जुन्या फॉन्टमधलं युनिकोडमध्ये बदलून घेता येतं ना? आमच्या मंडळाची स्मरणिका केली होती अशी.

शाईपुडी
येतं, पण जोडाक्षरं आणि रफार तपासावे लागतात. तीस वर्षांचं काम आहे हो.

गारठा
माझी गोष्ट जरा दुःखाची. लिनक्स टाकलं आणि फोटोंचं फोल्डर उघडलं की हँग. मी म्हटलं नवीन सिस्टीमची सवय नाही, होईल. एका मित्राने डिस्क्स नावाच्या प्रोग्राममध्ये स्मार्ट डेटा (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) बघायला लावला. पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढत चाललेले. डिस्कच मरत होती, नव्या सिस्टीमने फक्त तो भाग वाचायला घेतला. मित्राने लगेच सगळं बंद करायला लावलं, डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचणारा प्रोग्राम वापरून दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. लेकीच्या बारशाचे बरेचसे फोटो आले. आजीसोबतचे काही नाही आले.

अंजनवेल
अरेरे. गारठा, त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांच्या फोनमध्ये बघा विचारून. आमचे एक फोटो असेच आतेभावाकडे सापडले.

गारठा
विचारलं. एक मिळाला 🙂

दूरदेशी
❤️

खटपट्या
गारठा यांचं सगळ्यांनी वाचा. थिजणारं मशीन पुन्हा पुन्हा बटण दाबून बंद-चालू करण्याआधी डिस्क तपासा आणि फोटो बाहेर काढा.

बटण दाबून बंद करण्यापेक्षा दुसरा मार्ग आहे. आल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून एकेक अक्षर हळूहळू: आर, ई, आय, एस, यू, बी. एस म्हणजे मेमरीतलं डिस्कवर लिहून टाक, यू म्हणजे डिस्क फक्त-वाचनावर ने, बी म्हणजे रीबूट. उबंटूत मूळ सेटिंगला शेवटची तीनच चालतात, पण खरी गरज त्याच तिघांची. काही लॅपटॉपवर सोबत एफएनपण धरावं लागतं. माझ्या आईने लक्षात ठेवायला वाक्य केलंय: रोज एक इडली, सांबार उरलं बशीत.

माजघर
😂 आईंना नमस्कार सांगा. लिहून फ्रिजवर लावते.

बुजुर्ग
इडलीचं वाक्य माझ्याही डोक्यात बसलं.

सांजवारा
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! भाचीशी बोलले. गाणं वाजत राहतं, चित्र थिजतं. कंट्रोल-आल्ट-एफ3 ला काळा पडदा येतो. रॅम 4 जीबी. जास्त करून ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की होतं.

खटपट्या
वा, मग बरंच काम झालं. पुढच्या वेळी हँग झालं की रीस्टार्ट करून टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल -बी -1 -ई. म्हणजे मागच्या वेळचा लॉग, थेट शेवटच्या ओळींवर. जीपीयू हँग असं काही दिसलं तर ग्राफिक्स (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप). आउट ऑफ मेमरी दिसलं तर रॅम. आय/ओ एरर दिसली तर गारठांची गोष्ट, डिस्क. लॉग मध्येच तुटलाय आणि काहीच नाही, तर हार्डवेअर किंवा वीज.

तोवर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशन (व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपवर टाकणं) बंद करून बघू दे. वेगळं एनव्हिडिया कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमधून कंपनीचा ड्रायव्हर घ्यायचा. मूळचा नूवो ड्रायव्हर लोकांनी बाहेरून अभ्यास करून लिहिलाय, कष्टाचं काम आहे, पण सगळ्या कार्डांवर सारखा चालत नाही. आणि अपडेटनंतर सुरू झालं असेल तर ग्रबच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुन्या कर्नलने चालू करून बघायचं. मिंट जुना कर्नल ठेवतं.

तळकोकण
उशिरा आलो, दिवसभर वीज नव्हती. आमच्याकडे व्होल्टेज इतकं वरखाली होतं की शाळेतल्या कॉम्प्युटरचं निम्मं हँग होणं त्यातलं होतं. लिनक्स टाकलं म्हणून तक्रार आली. यूपीएसची बॅटरी बदलल्यावर तक्रार बंद. मुलं त्याच मशीनवर आता चित्रं काढतात, टक्स पेंट. सांजवारा, तुम्ही बाबांचं लिहिलंत त्याने बरं वाटलं.

सांजवारा
तळकोकण, बाबांना वाचून दाखवलं. टक्स पेंट काय ते त्यांनी लगेच विचारलं.

खटपट्या, ॲक्सलरेशन बंद केल्यावर आज संध्याकाळपासून थिजलं नाही म्हणे. लॉगमध्ये जीपीयू हँग होतंच. तरी 4 जीबीचे 8 करावेत असं वाटतंय. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार आहे ती शनिवारी.

खटपट्या
जाण्याआधी मागचं झाकण उघडून जुन्या रॅमच्या पट्टीवरचं लेबल वाचायला सांगा, फोटोच काढू दे. 2016 चा म्हणजे डीडीआर4 असेल किंवा डीडीआर3एल, दोन्ही त्या काळात मिळायच्या. डीडीआर4 ची खाच वेगळ्या जागी असते, ती चुकून बसणारच नाही. पण साधी डीडीआर3 1.5 व्होल्टची आणि डीडीआर3एल 1.35 ला चालणारी, दोन्हींची खाच सारखी. लेबलवर पीसी3 पुढे एल आहे का ते दुकानातच बघून घ्यायचं.

अंजनवेल
आणि रविवारी नको, बरीच दुकानं बंद असतात. शनिवार सकाळ बरी.