मदत हवी आहे : 'इन्स्पिरेशन इन्फर्मेशन'ची मूळ तबकडी कशी ओळखावी?
अमेरिकन संगीतकार शुगी ओटिसने तंतुवाद्यांचा व ब्रासचा (पितळी फुंकवाद्यांचा) ताफा वगळता जवळजवळ सारी वाद्ये स्वतः वाजवून केलेला १९७४चा हा उपेक्षित अल्बम मला तबकडीवर (व्हिनाइल रेकॉर्डवर) हवा आहे. २००१च्या पुनर्प्रकाशनात मूळ नऊ गाण्यांना त्याच्याच आधीच्या 'फ्रीडम फ्लाइट' अल्बममधली चार गाणी जोडली आहेत; त्यांत 'स्ट्रॉबेरी लेटर २३'सारखे गाजलेले गाणे असले, तरी 'प्लिंग!'सारख्या संथ वाद्यरचनांच्या मागोमाग ती ऐकताना माझा तरी रसभंग होतो. २०१३ची आवृत्ती स्ट्रीमिंगवर ऐकली, पण रिदम बॉक्सची (ताल देणाऱ्या यंत्राची) टिकटिक जरा टोकदार वाटली आणि हेडफोन बदलूनही फरक पडला नाही. सीडी नको, प्रत थोडी घासलेली चालेल. विक्रेत्याने केवळ मुखपृष्ठाचे छायाचित्र पाठवले आहे. मूळ प्रकाशक कंपनी एपिकची पहिली छपाई ओळखण्यासाठी तबकडीच्या मधल्या लेबलवर आणि आतल्या कडेवरच्या कोरीव क्रमांकात नेमके काय पाहावे?