जाड आवाजाचं करायचं काय?

खानापूरकर: आमच्या भजनी मंडळात पेटी काळी चारवर, म्हणजे उंच पट्टीत. वरच्या षड्जाला गेलो की माझा गळाच मिटतो. बुवा म्हणतात, "तू टाळच धर की." परवा मुलानं मोबाइलवर टिटो गोब्बी ऐकवला. हा तर माझ्याच गळ्याचा माणूस! कोण हा?

शहापूरचा पेटीवाला: ऑपेरातला, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकातला गायक. बॅरिटोन आवाजाचा. टेनर हा पुरुषांचा उंच आवाज, बास सगळ्यात खालचा; बॅरिटोन टेनरच्या खाली, बासच्या वर. जन्म १९१३, इटलीतलं बास्सानो देल ग्राप्पा. पादुआला कायदा शिकत होता, पण गाण्यात रमला. संगीतकार पुच्चिनीच्या 'तोस्का' ऑपेरातला खलनायक, पोलीसप्रमुख स्कार्पिया म्हणजे गोब्बीच! गायिका मारिया कॅलासबरोबरचं १९५३ चं मिलानचं रेकॉर्डिंग ऐका. ओरडत नाही हो, हळू बोलल्यासारखं गातो, आणि तेच अंगावर येतं. आपल्या संगीत नाटकांत खलनायकाच्या वाट्याला पदं कुठली? अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यांना विचारायला हवं होतं!

खानापूरकर: म्हणजे जाड आवाजाला खलनायकीच?

निपाणीचा श्रोता: छे! संगीतकार व्हेर्दीनं १८५१ मध्ये 'रिगोलेत्तो' हा ऑपेरा लिहिला. नायक कुबडा विदूषक, लेकीसाठी जीव तुटणारा बाप. तोही बॅरिटोनच. म्हातारपणी लिहिलेला 'फाल्स्टाफ' (१८९३) तर धमाल विनोदी. गोब्बीनं दोन्ही गायलेत. वारला १९८४ ला, रोममध्ये.

खानापूरकर: बरं. एकादशीला पेटी खालच्या पट्टीत, काळी एकवर घ्यायला सांगून बघतो. बुवांनी हाकललं नाही तर कळवतो.