प्रतिसाद: प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल आणि कानबाईच्या गोळ्या

वर ताईंनी विचारलंय की गरोदरपणाचा तिसरा महिना चालूय, प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या कॅप्सूलने दिवसभर गुंगी येते, बंद करू का. ताई मनाने बंद नका करू, आधी डॉक्टरांना फोन लावा. पोटातून घेतली की झोप, चक्कर येतेच, म्हणून तर रात्री झोपताना घ्यायला सांगतात, आणि फारच होत असेल तर बऱ्याचदा तीच कॅप्सूल खालून, म्हणजे योनीमार्गात, ठेवायला देतात, त्याने गुंगी कमी येते. पोट फुगणं, स्तन जड होणं, चिडचिड हे पण होतं. काही कॅप्सूलमधे शेंगदाणा तेल असतं, आपल्या खान्देशात शेंगदाण्याशिवाय भाजी होत नाही म्हणा, पण कोणाला अ‍ॅलर्जी असेल तर सांगावं.

खरी काळजी मला दुसऱ्याच गोळ्यांची वाटते. श्रावणात आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाला रोटांचं (नैवेद्याच्या पोळ्यांचं) दळण निघालं की इकडे बाया मेडिकलवरून पाळी पुढे ढकलायची गोळी आणतात, चिठ्ठी नाही काही नाही, जावेने घेतली म्हणून मी पण. ती नॉरएथिस्टेरॉन, त्याच गटातली पण कृत्रिम. साधारण ५ मिग्रॅ दिवसातून ३ वेळा, पाळीच्या तारखेच्या ३ दिवस आधीपासून, बंद केल्यावर २-३ दिवसांत पाळी येते. अशी घेतली तर गर्भ राहायचा थांबत नाही, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं. आधी कधी रक्ताची गुठळी झालेली असेल, लिव्हरचा त्रास असेल तर घ्यायचीच नाही, आणि एकच पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर कानबाईचं विसर्जन होऊ द्या मग बघू असं न करता सरळ दवाखाना गाठा.