मारुती झेनसाठी फायबरचं बॉनेट: सांगलीत बनवून घ्यावं की तयार मागवावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी.

गाडी झेन, कार्ब्युरेटरवाली, ९९३ सीसी, एमएच-१० पासिंग. वडिलांनी शोरूममधून नवी घेतलेली. इंजिन ठणठणीत आहे आणि गाडी विकायची नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

अडचण बॉनेटची आहे. पुढची कड गंजून पापडासारखी झालीय, आतली फ्रेम बिजागरीपाशी सुटलीय. डेंटर म्हणतात, तुकडा जोडून लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरून देतो, पण गंज परत वर येणार. भंगारात बघितलेली बॉनेटंही तशीच खाल्लेली. म्हणून फायबरकडे वळलोय, म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन (सुकून कडक होणारं चिकट रसायन) साच्यावर थापून केलेलं बॉनेट.

कुपवाड एमआयडीसीत फायबरच्या टाक्या करणारे एक कारागीर साचा काढून बॉनेट करून देतो म्हणतात. माणूस समोर, खर्च कमी, काही चुकलं तर परत नेता येतं. पण आमच्याच बॉनेटवरून साचा निघाला तर त्याचा वाकडेपणाही उतरणार. दुसरा पर्याय कोइमतूरकडचा. तिथे रेसिंगच्या गाड्यांची कामं होतात, त्यामुळे आतल्या फ्रेमसकट दुहेरी थराचं बॉनेट मिळू शकतं. मात्र न बघता मागवायचं आणि बॉनेट आणि बाजूच्या पत्र्यांमधली गॅप जुळली नाही तर इथे घासत बसायचं.

वजन कमी होतं म्हणून घ्या, असं बरेच जण सांगतात. मला ते कारण पटत नाही. ०.८ मिमी पत्रा चौरस मीटरला सव्वासहा किलो भरतो, हाताने थापलेलं ३ मिमी फायबर साडेचारच्या आसपास. त्यावर लांबी आणि रंग चढला की फरक आणखी घटतो. शिवाय तेवढ्याच जाडीचं फायबर पत्र्याइतकं ताठ नसतं. आतली फ्रेम नसेल तर ते वेगात थरथरतं.

खरी काळजी इथेच आहे, वेगात बॉनेट सुटून उघडलं तर? पेठ नाक्याला हायवेला लागून साताऱ्याला जाणं आमचं नेहमीचं, शेजारी आई असते. मूळ बॉनेटचा खटका (बंद ठेवणारं लॉक) पत्र्याच्या फ्रेमला बसवलेला आहे. फायबरमध्ये नुसते बोल्ट आवळले तर भोकाभोवती तडे जातात, म्हणून खटका आणि बिजागऱ्यांच्या जागी लोखंडी पट्ट्या थापतानाच आत घालायला सांगणार आहे. तेवढं पुरेल का? की मूळ खटका ठेवून वर दोन बॉनेट पिनाही (बॉनेट बाहेरून अडकवून ठेवणाऱ्या खिळी) लावाव्यात? ज्यांनी असं बॉनेट लावून हायवेला गाडी चालवली आहे, त्यांनी नक्की लिहा.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. साधं पॉलिस्टर रेझिन ७० अंशांच्या आसपास नरमायला लागतं, असं वाचलं. मे महिन्यातलं सांगलीचं ऊन आणि खालून इंजिनची धग, म्हणजे विनाइल एस्टर (जास्त उष्णता सोसणारं रेझिन) मागावं का? कारागिराला सांगून त्यानं तेच वापरलं हे ओळखायचं कसं? मागची बाजू रंगवू नका, म्हणजे कोरडे राहिलेले धागे किंवा हवेचे बुडबुडे असतील तर मला दिसतील, एवढं मी सांगून ठेवलंय. थापल्यावर लगेच रंगवलं तर पुढे मॅटची (काचेच्या धाग्यांच्या कापडाची) जाळी रंगातून वर दिसते म्हणतात, तर किती दिवस थांबावं? हवेसाठी भोकाची डिझाइन नकोच आहे, पावसात डिस्ट्रिब्युटरवर (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग) पाणी जाईल.

रंग आरसीवर आहे तोच, पांढरा ठेवणार. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंदी घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल माहीत आहे. तरी आरसीच्या नूतनीकरणाच्या तपासणीत फायबरच्या बॉनेटवरून सांगली किंवा साताऱ्यात कुणाला अडवलं असेल तर कळवा.

आणि एक विनंती. सांगली, मिरज, ईश्वरपूर (जुनं इस्लामपूर) भागात कुणाकडे झेनचं सरळ, न ठोकलेलं बॉनेट असेल तर साच्यापुरतं उसनं हवंय. मी येऊन नेईन, काम झालं की आणून बसवून देईन. रंगाला धक्का लागला तर रंगवून देण्याची जबाबदारी माझी.