परसातल्या कोंबड्या आणि टपून बसलेले : काय टिकतं, काय फसतं

मघाशी कोंबडा तुटक तुटक बोंबलायला लागला आणि जुनं सगळं आठवलं, म्हणून धागा काढतेय. आकाशात घार दिसली की तो एकच लांबट किंकाळी मारतो आणि सगळ्या जागच्या जागी दबतात. मुंगूस, कुत्रं दिसलं की कटाक-कटाक चालूच राहतं. हा फरक कानात बसला की वर बघायचं की कुंपणाकडे पळायचं ते कळतं. लिहा आपापलं. रडगाणी नकोत, मापं लिहा.

---

आधी जाळी. ती षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवायला असते, कुत्र्याला बाहेर नाही, दातांनी फाडतं. वेल्डमेश घ्या, १/२ इंची. नुसत्या पिना ठोकल्या तर ओढल्यावर निघतात. वरून लाकडी पट्टी ठेवून स्क्रू मारा, वीत-वीत अंतरावर.

---

+१. आणि उकरून येणाऱ्यांसाठी: जाळीचा खालचा भाग काटकोनात *बाहेर* वाकवून दीड फूट जमिनीवर पसरा, तारेच्या खुंट्या ठोका, वर माती. जनावर भिंतीला नाक लावून तिथंच उकरतं, मागं सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. कड आत दुमडा, नाहीतर आपलाच पाय फाटतो.

---

कुकर लावलाय, पटकन लिहिते. रात्री खुराड्यात टॉर्च लावून ठेवा, दार बंद करा, बाहेरून चक्कर मारा. जिथून उजेड दिसेल तिथून कोणीतरी येणार. दाराच्या खालच्या बिजागरीचा कोपरा हमखास. पावसाळ्यात फळी फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून दोनदा बघा.

---

सरकती कडी पंजानं उघडते. कोयंड्यात स्प्रिंगचा हुक अडकवा.

---

मेलेली कोंबडी नीट बघा. मुंडकं नाही पण धड जाळीपाशी: बाहेरून ओढली, बसायची दांडी जाळीपासून दोन फूट आत घ्या. उपटलेल्या पिसांचा एका जागी ढीग: बहुधा शिकारी पक्षी. चार पिसं आणि कोंबडी गायब: कोल्हा.

---

किंवा शेजारी :)

---

😂 शेजाऱ्याला वेल्डमेश चालेल का?

---

कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावणाऱ्यांनी खालची तार जमिनीपासून ६ इंचांवर घ्यावी, नाकाला लागली पाहिजे. गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, तारेखालचं कापत राहा. माती कोरडी पडली तर अर्थिंगच्या सळईपाशी बादलीभर पाणी. घरातली वीज थेट तारेत सोडायची अक्कल कुणी पाजळू नका, माणूस मरतो.

---

तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) झाडावर बसतात हो, खुराड्यात येतच नाहीत. काय करायचं?

---

आठवडाभर कोंडा, दाणापाणी आतच. मग सोडायचं ते संध्याकाळी दाण्याच्या तासभर आधी. दाणा नेहमी आत आणि डबा वाजवूनच. आपोआप बंद होणारं दार असलं तरी दिवेलागणीला मोजा, ते दार मागे राहिलेलीसाठी थांबत नाही.

---

विषय सोडून: खुडूक (उबवायला) बसलेली उठत नाही, अंडीही नाहीत खाली.

---

जाळीच्या तळाचा पिंजरा, गवत न घालता, खाली विटा. पोटाला वारा लागला की ३-४ दिवसांत उतरते. विषय सुटलेला नाही, झुडपात खुडूक बसलेली रात्री पहिली जाते.

---

दाणा पत्र्याच्या डब्यात, रात्री भांडं उचला. दाण्यामागे उंदीर, उंदरामागे साप. विष टाकू नका, मेलेला उंदीर कोंबड्याच टोचतात.

---

घारीसाठी काही? सीडी टांगून झाल्या.

---

चार दिवसांत सरावते ती. अंगणात दर १५-२० पावलांवर लपायला काहीतरी हवं: दाट झुडूप, चार विटांवर फळी, उलटी पाटी एका बाजूनं उचललेली. पिल्लं मात्र छताच्या जाळीखालीच.