घराबाहेर लावलेली गाडी : कव्हर घालता की नाही?

माझं गाव डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत. एसटी फाट्यावरच थांबते, म्हणून मोटरसायकल टपरीमागे कडुनिंबाखाली लावायची आणि अमरावतीची बस धरायची. कधी संध्याकाळी परत येतो, कधी तीन दिवसांनी. मे अखेरच्या नवतप्यात पारा ४५ च्या वर गेला की सीटवर टेकवत नाही. टाकीवर पाखरांची शिट वाळून बसते, खरवडली तर खालचा रंग फिका पडलेला. शेवटी चारशे रुपयांचं चंदेरी कव्हर आणलं. आठच दिवसांत टपरीवाले काका म्हणाले, "मास्तर, काढा ते. आत कोणती गाडी आहे म्हणून लोक थांबू थांबू पाहून राहिले."

तर तुमचे अनुभव लिहा. घरच्या ओसरीतली गाडी नको. बसस्टँड, बाजार, लग्न, दवाखाना, वावर, जिथे गाडी नजरेआड असते तिथलं सांगा.

वणी, ट्रकवर दिवाणजी

आमच्याकडे कोळशाच्या गाड्या दिवसरात्र. सकाळी लावलेली पांढरी गाडी दुपारी राखाडी होते. म्हणून मी वर्षभर कव्हर घातलं आणि टाकीची पार वाट लावून घेतली. धूळ आधी बसते, कव्हर वरून येतं, मग वारा ते दिवसभर फडफडवतो. म्हणजे मीच पॉलिश पेपर लावून दिला की! उन्हात तिरपं पाहिलं तर टाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. आता उघडीच ठेवतो, घरी आल्यावर आधी पाणी मारतो, मगच कापड.

आर्वीकडचा

माह्यी गाडी राह्यली, कव्हर गेलं. पुढच्या बाजारात पाह्यलं तं एका कांदेवाल्यानं ढिगावर पांघरलं होतं. बायकोनं लावलेलं निळं ठिगळ होतं ना, लगेच वळखू आलं. भांडलो नाही. दोन किलो कांदे कमी भावात देल्ले त्यानं.

दारव्हा, शेती

कव्हरचा खरा दुश्मन वारा आहे, हे कोणी सांगत नाही. मे महिन्यात मामेभावाचं लग्न. मांडवाशेजारच्या नांगरलेल्या वावरात पन्नासेक गाड्या उभ्या. माझी नवी होती, म्हणून एकट्याने हौसेने कव्हर चढवलं, खालचा पट्टाही बांधला. मंगलाष्टकं सुरू असताना वावधन सुटलं, मागून टपोरे थेंब. काळी माती वरून घट्ट दिसते, पण पाणी पडलं की साइड स्टँड लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. त्यात कव्हर शिडासारखं फुगलेलं. माझी गाडी शेजारच्यावर, ती तिसरीवर, असा चार गाड्यांचा ढीग. उघड्या गाड्या मात्र जागच्या जागी. क्लचचा दांडा वाकला, आरसा फुटला, आणि चौथी गाडी नवरदेवाच्या मेव्हण्याची! अजून लग्नाकार्यात ऐकवतात. आता डिक्कीत फळीचा एक चपटा तुकडा असतो, स्टँडखाली टाकायला. कव्हर घरी.

चिखलदऱ्याजवळ, आरोग्य सेविका

माझी स्कूटी आहे, चालेल ना? मी कव्हरच्या बाजूने. उपकेंद्रासमोर वानरांची टोळी येते. उघड्या सीटचा एक टाका उसवलेला दिसला की बोट घालतात आणि फोम उपसून काढतात. पोरं कापूस वेचतात तसा. दोन सीट बदलल्या. कव्हर घातल्यापासून कव्हर फाटतं, सीट वाचते. पण पावसाळ्यात नाही हं. इथे १,१०० मीटर उंचीवर दिवसदिवस धुकं, ओलं कव्हर आतल्या आत घाम धरतं. चार दिवसांनी काढलं तर ब्रेकच्या तारेवर गंज आणि एअर फिल्टरमध्ये मुंग्या अंड्यांसकट.

बडनेऱ्याहून रोज अप-डाउन

मला चोरीचं सांगायचंय. मागच्या वर्षी एका स्टेशनबाहेर, कुंपणाकडेला कव्हर घालून गाडी लावायचो. एक दिवस मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी रेल्वेतून उतरताना लांबून कव्हर दिसलं, जिवात जीव आला. तेव्हा मित्राच्या गाडीवर घरी गेलो. तिसऱ्या दिवशी कव्हर उचललं, तर खाली तुटकी खुर्ची आणि विटांचे दोन थर. दोन दिवस मी खुर्चीला गाडी समजून राहिलो!

मग पोलीस ठाणं, भारतीय न्याय संहिता ३०३ खाली चोरीचा गुन्हा. विमावाल्यांनी एफआयआर मागितला, दोन्ही चाव्या मागितल्या आणि कळवायला उशीर का, हेही विचारलं. उशीर का ते त्या खुर्चीला विचारा म्हणावं. दुसरी चावी शोधायला घरातली सगळी डबडी उपसली, पिठाच्या डब्यामागे सापडली. तुमची कुठे आहे, आजच पाहून ठेवा. उघडी असती तर चोरी टळली असती असं नाही, पण मला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

दिग्रस, गॅरेज

सायलेन्सर गरम असताना कव्हर घालू नका. चिकटलेलं प्लास्टिक खरवडून काढायला माझ्याकडेच येता. आणि आठवडाभर झाकून ठेवू नका. एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्या आल्या, बहुतेकांतला कार्ब्युरेटर गेला, सेन्सर आणि वायरी वाढल्या. उंदराला अंधार आणि वायर दोन्ही आयतं मिळतं. दिवसभराचं ऊन असेल तर सीटवर कोरडं पोतं टाका, दोरीने बांधा. पोतं कोणी चोरत नाही.

आर्वीकडचा

चोरते भाऊ. तुरीच्या दिवसात चोरते.

धागा काढणारा

वाचतोय सगळं. काल तीन दिवसांनी फाट्यावर उतरलो, आभाळ भरून आलेलं. पाहतो तर माझं कव्हर काकांनी चुलीच्या लाकडांवर घातलेलं. बोलणारच होतो. मग गाडी दिसली. हँडल लॉक असताना दोघातिघांनी उचलून टपरीच्या छपराखाली, बाकड्याला लागून उभी केली होती, सीटवर काकांचा दुपट्टा. चहा घेतला, कव्हरचा विषय काढला नाही.